गळ्याची गोळी

मेंढ्या मळ्यात शिरल्या त्याचं खापर थोरलीच्या घशावर फुटलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. मी या घरात आले तेव्हा सगळा कळप तिच्या हाकेवर चालायचा. धनी म्हणून मिरवायचे माझे थोरले दीर, पण त्यांनी काठी आपटून कितीही बोंब मारली तरी मेंढ्या आपल्या चरत राहायच्या. थोरली उतारावर उभी राहून एकदा हाक घालायची, की पुढची म्हातारी मेंढी मान वळवायची आणि तिच्यामागून बाकीच्या. ओढ्यावर धुणं धुताना मला ती हाक स्वच्छ ऐकू यायची. गेल्या वर्षभरात तो आवाज खाली खाली उतरत गेला. आधी जड झाला, मग घोगरा, मग पार बाप्यासारखा.

त्या दिवशी मेंढ्या मटाराच्या मळ्याकडे वळल्या. थोरलीने हाक घातली. मेंढ्यांनी माना वर केल्या, ही कोण बाई ओरडते म्हणून बघितलं आणि सरळ आत शिरल्या. तिने पुन्हा हाक घातली, धावायला गेली, तर चार पावलांत धाप लागून खाली बसली. मी ओल्या लुगड्यानिशी ओढ्यावरून पळत आले तोवर अर्धा मळा तुडवला गेला होता. मळेवाल्याने पुढची म्हातारी मेंढी धरून आपल्या पंपघराच्या दाराला बांधली आणि दिरांना बोलावणं धाडलं.

दीर आले. मळेवाल्याच्या गड्यांसमोर डोक्यावरचं पागोटं काढून, हात जोडून उभे राहिले. मळेवाला बाजेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, ‘‘बायको आवरत नाही तुला, मेंढ्या काय आवरणार?’’ गडी हसले. कोकरं होईपर्यंत कळप त्याच्या रिकाम्या रानात फुकट बसवायचा, सगळं खत त्याचं, असं ठरवून मेंढी सोडली. दीर घरी आले ते ओठ आवळून. थोरलीला त्यांनी हात लावला नाही. लावला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. ते फक्त ओट्यावर बसले आणि तिच्यासमोर तिच्याविषयी आईला म्हणाले, ‘‘आई, हिचं काहीतरी बघ आता.’’ दाराची कडी खिळखिळी झाली तर माणूस असं बोलतो.

सासूबाईंनी संधी सोडली नाही. ‘‘वर्षभर कुणाचा घसा बसतो का? काम नको असलं की बसतो. सकाळी हिला उठवायचं म्हणजे मढं उठवायचं. चुलीपुढे बसली की तिथेच डुलकी. परवा दुधाचं भांडं कुठे ठेवलं ते हिला संध्याकाळपर्यंत आठवेना. खाऊन खाऊन तोंड बघा कसं सुजलंय.’’

थोरली भर उन्हात दोन स्वेटर आणि वर नवऱ्याचा जुना कोट घालून बसली होती. पापण्या जड, गाल फुगलेले. कुणी बोललं की ते तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागायचा. आताही लागला. मग ती म्हणाली, ‘‘हो.’’

बस. तेवढंच. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला, पण सगळ्यात जास्त त्या ‘हो’चा आला.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर मी तिला धरलं. ती केस विंचरत होती आणि फणीत केसांचा एवढा मोठा गुंता आला होता. भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केससुद्धा गेले होते. मी म्हटलं, ‘‘जाऊबाई, होतंय तरी काय तुम्हाला? मला नीट सांगा.’’

‘‘काही नाही गं.’’

‘‘काही नाही म्हणून केस हातात येतात?’’

ती बराच वेळ दगडावर कपडा नुसताच घासत बसली. मग बोलली, आणि एकदा बोलायला लागली तशी थांबेना. सकाळी हात बधिर असतात. पोटऱ्यांत गोळे येतात. शौचाला चार-चार दिवस होत नाही. अंग इतकं गार की पांघरुणातही ऊब येत नाही. आणि पाळी. पाळी आली की जातच नाही, कापडं पुरत नाहीत, बसल्या जागी भिजून जाते.

‘‘भाऊजींना सांगितलं का?’’

‘‘सांगितलं होतं. म्हणाले, बायकांचं असतंच. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, आम्हाला काय होत नव्हतं?’’

‘‘आणि तो बाजारातला इंजेक्शनवाला? त्याच्याकडे नेलं होतं ना?’’

‘‘त्याने लाल औषध दिलं. मूल झालं की सगळं जागेवर येईल म्हणाला.’’

‘‘मूल काय त्याच्या दुकानात मिळतं?’’ मी म्हटलं. तिला हसू आलं, पण तेही उशिरा. मग म्हणाली, ‘‘मला वाटतं, मीच अशी आहे गं. आळस भरलाय अंगात.’’ मी कपडा इतका जोरात आपटला की त्याची शिवण उसवली.

त्यानंतर कातरणीचे दिवस आले. आमच्याकडे कातरणी जोडीने चालते. एकाने मेंढी उताणी पाडून गुडघ्यांत धरायची, दुसऱ्याने कातर चालवायची. शेजारचे तिघे मदतीला आले होते. कातरीला थोरलीचा हात असा की लोकर अंगरख्यासारखी एकसंध उतरायची, कुठे तुकडा पडायचा नाही. त्या दिवशी मात्र पहिल्याच मेंढीची कातडी तिने कापली. दुसरीचीही कापली, आणि रक्त आलं. दिरांनी तिच्या हातातून कातर काढून शेजाऱ्याच्या हातात दिली. तिला सांगितलं, लोकर गुंडाळत बस. ती मुकाट्याने खाली बसली.

कातरून झाल्या की भाकड मेंढ्यांवर खूण करायची असते. दोन हंगाम पोट धरलं नाही अशा मेंढीच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा ओढायचा. खाटीक आला की तो दुसरं काही विचारत नाही, पट्टा बघतो आणि बाजूला काढतो. दीर काठीला चिंधी बांधून, गेरूच्या टोपात बुडवून पट्टे ओढत चालले होते. थोरली त्यांच्याकडे पाठ करून वाकली होती. जाता जाता त्यांनी चिंधी बुडवली आणि तिच्या कोटावर, मानेपासून कमरेपर्यंत, सर्रकन पट्टा ओढला.

‘‘हीपण धरा यात,’’ म्हणाले.

शेजारी हसले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आमचे हे खाली मान घालून उभे राहिले, त्यांचा समाचार मी नंतर घेतला. थोरली सावकाश वळली. हात मागे नेला, बोटांना लागलेला लाल रंग बघितला. आणि सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले आणि त्या टोपाला लाथ घातली. गेरूचं पाणी पांढऱ्या लोकरीच्या ढिगात शिरलं. चांगला ढीग वाया गेला आणि मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

‘‘डोकं फिरलंय का तुझं?’’ दीर ओरडले.

‘‘फिरलंय,’’ मी म्हटलं. ‘‘मूल तर तुम्हालाही नाही, भाऊजी. तुमच्या पाठीवर कुणी ओढायचा पट्टा?’’

 ह्यांनी मला दंडाला धरून घरात नेलं.

त्याचा वचपा दुपारीच निघाला, फक्त माझ्यावर निघाला नाही. सासूबाई थोरलीला म्हणाल्या, ‘‘जरा माहेरी जाऊन ये. हवापालट होईल.’’ मग मला आत बोलावून खरं काय ते सांगितलं. लोकर नेणाऱ्या व्यापाऱ्याची पुतणी घरी आहे, नवरा गेलाय, अंगाने धडधाकट आहे, पदरी एक पोर आहे म्हणजे पोटाचीही खात्री. थोरल्यासाठी बोलणं झालंय. ‘‘तू हिला सोडून ये. आणि परत आणायची घाई कुणी करायची नाही.’’

‘‘तिला हे सांगितलं?’’

‘‘सांगून काय करायचंय? तिला कळायला दोन दिवस लागतील.’’

मी तोंडाला कुलूप घातलं. कारण तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या कुणालातरी सोबत धाडलं असतं, आणि माझ्या मनात वेगळंच होतं.

सकाळी लोकरीच्या ट्रकमधून निघालो, पोत्यांवर बसून. थोरलीच्या मांडीवर तिचं गाठोडं. दोन खड्डे ओलांडले नाहीत तोच तिला झोप लागली. तिच्या माहेरचा फाटा आला तसा ड्रायव्हरने पत्र्यावर हात मारला. मी वाकून म्हटलं, ‘‘पुढे चला.’’

‘‘पुढे कुठे? तुम्हाला इथेच उतरवायला सांगितलंय.’’

‘‘लोकर कुठे नेताय?’’

‘‘मोठ्या गावाला.’’

‘‘मग आम्हीही लोकर आहोत असं समजा.’’

तो हसला आणि त्याने ट्रक पुढे काढला. थोरलीने डोळे उघडले. ‘‘माझं गाव गेलं,’’ म्हणाली.

‘‘जाऊ दे.’’

मोठ्या गावच्या दवाखान्यात बायकांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत. आमचा नंबर लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डॉक्टरीणबाई बुटक्या, चष्म्यावाल्या, सकाळपासून कावलेल्या. थोरली दारातून आत येत होती, तोच त्यांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं आता खेकसणार. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

‘‘पदर बाजूला करा. हे पाणी तोंडात घ्या. मी सांगते तेव्हा गिळा.’’

तिने पाणी गिळलं तसा तिच्या गळ्यात खालच्या बाजूला एक रुंद फुगवटा वर सरकला आणि खाली आला. मी तिच्याबरोबर एका चुलीवर जेवण करत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, टाचेच्या वर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटका देऊन गेलं, पण परत यायला आळसावलं.

मग प्रश्न. थंडी फार वाजते? हो. बद्धकोष्ठ? हो. हातांना मुंग्या? हो. पाळी जास्त जाते? विसरायला होतं? केस? आवाज बदललाय? पाचव्या की सहाव्या ‘हो’ला थोरली रडायला लागली. ‘‘तुम्हाला कसं माहीत? मी तर अजून तुम्हाला काही सांगितलंच नाही,’’ म्हणाली.

‘‘तुम्ही पहिल्या नाही आहात,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रक्त काढलं. संध्याकाळपर्यंतची वेळ बाकावर बसून काढली. चिठ्ठी आली तशी बाईंनी पुन्हा आत बोलावलं. थायरॉईड. गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्यातून रस पाझरतो, त्यावर सगळं शरीर चालतं. तो रस कमी पडला की पाळी, पोट, आवाज, केस, झोप, डोकं, सगळं मंदावतं. पोट न राहण्यामागेही हेच असू शकतं. रोज पहाटे रिकाम्या पोटी एक गोळी घ्यायची, मग तासभर चहासुद्धा नाही. हळूहळू फरक पडेल. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. कायमची घ्यायची.

‘‘हे दोन-तीन वर्षांचं दुखणं असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात कुणीच हिच्या गळ्याकडे बघितलं नाही?’’

 मला त्यांचाही राग आला.

‘‘आणि हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. आई आहे?’’

‘‘नाही,’’ थोरली म्हणाली.

‘‘बहीण?’’

‘‘आहे.’’

‘‘तिला घेऊन या एकदा.’’

बाहेर आल्यावर थोरली बाकावरून उठेना. गोळ्यांची बाटली मुठीत. मी म्हटलं, चला, ट्रक जाईल. ती म्हणाली, ‘‘माझ्या आईला बाबा पोतं म्हणायचे.’’

मी बसले.

‘‘बसली की झोपायची. तोंड असंच. आवाज असाच. पोतं कुठेही टाकलं तरी पडून राहतं म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. सकाळी तिला उठवायचं काम माझ्याकडे होतं. मी तांब्याभर गार पाणी तोंडावर ओतायची. ती हसायची. एकदा थंडीत तिला चाऱ्याच्या खोपटात निजवलं, कारण घरात जागा अडवते म्हणाले. सकाळी मी पाणी ओतलं तर ती उठलीच नाही.’’ ती थांबली. ‘‘मी आणखी एक तांब्या ओतला.’’

मी सरकून जवळ बसले. तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

मी तिला माहेरी सोडलं नाही, सरळ घरी आणलं. सासूबाई दारातच आडव्या आल्या. ‘‘ही परत?’’

मी चिठ्ठी दाखवली, बाटली दाखवली, सगळं सांगितलं. दीर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘‘जन्मभर गोळी? मग मोडकीच झाली की.’’

‘‘मागच्या हंगामात कोकरांचे गळे सुजले तेव्हा तुम्ही दोन डोंगर ओलांडून औषध आणलंत,’’ मी म्हटलं. ‘‘रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसलात. कोकरू मोडकं म्हणून टाकलंत?’’

‘‘कोकराचा गळा दिसतो.’’

‘‘आणि हिचा? तो कुठे पेटीत ठेवला होता का?’’

तेव्हा आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा भावासमोर तोंड उघडलं. ‘‘राहू दे वहिनीला. मेंढ्या व्यायला लागून कोकरं पडायला लागली की हात लागतातच.’’ सासूबाईंनी हिशेब केला आणि ‘‘बघू तोवर’’ म्हणाल्या. थोरली घरात राहिली ती दोन हातांसाठी राहिली. ह्यांचं चांगलं बोलणं म्हणजे एवढंच, म्हणून मला त्याचाही आनंद झाला नाही.

गोळी सुरू झाली. पहाटे उठून ती गोळी घ्यायची आणि चुलीपासून लांब चहाविना बसायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘राणीसाहेबांचा उपास आहे वाटतं.’’ कितीतरी दिवस काही म्हणजे काही फरक नाही. तीच झोप, तेच सुजलेलं तोंड. दीर येता-जाता विचारायचे, ‘‘काय म्हणते तुमची गोळी?’’ व्यापाऱ्याच्या पुतणीचं बोलणं अजून मोडलेलं नव्हतं. मलाही आतून भीती वाटायला लागली, पण मी ती चेहऱ्यावर आणली नाही.

मग एक दिवस चारा कापता कापता तिने वरचा कोट काढला. थोड्या वेळाने एक स्वेटर काढला.

‘‘काय झालं?’’

‘‘गरम होतंय गं.’’

तिच्या ओठावर घाम आला होता. मी विळा खाली टाकला आणि तो घाम बघत उभी राहिले. वर्षभरात या बाईला घाम आला नव्हता. मला नाचावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘‘मग काढा की दुसराही.’’

त्यानंतर एकेक गोष्ट सुटत गेली. गालांची सूज उतरली, बोटांतल्या मुंग्या गेल्या, पाळी आली आणि शहाण्यासारखी निघून गेली. आवाज मोकळा झाला आणि कळप पुन्हा तिच्या हाती आला. कपाळावर बारीक नवे केस उगवले, तिने मला ते हात लावून दाखवले. आणि ती उलट बोलायला लागली. सासूबाईंनी काही म्हटलं की पूर्वी ‘हो’ यायचं, आता तिथल्या तिथे उत्तर यायचं. एकदा सासूबाई वैतागून म्हणाल्या, ‘‘आळशी होती तेव्हा बरी होती, निदान तोंड नव्हतं.’’ थोरली म्हणाली, ‘‘तोंड होतं, आई. उचलायला ताकद नव्हती.’’

दीर गोड झाले. पुतणीचं बोलणं आपोआप थांबलं. बाजारात माणसांना सांगायचे, बायकोला मोठ्या दवाखान्यात नेलं, हयगय केली नाही. माझ्यासमोर सांगायचे. मी ऐकून घ्यायची, कारण थोरली बरी होत होती आणि मला दुसरं काही नको होतं. तिच्या बहिणीला दवाखान्यात न्यायचं तेवढं दरवेळी राहून जात होतं.

तेवढ्यात कोकरं पडायला लागली. त्या हंगामात पुन्हा काही कोकरं गळा सुजलेली निघाली. मान वर उचलवत नाही, दूध ओढवत नाही. आमच्या घराची एक रीत आहे. जनावर आजारी पडलं की औषध द्यायचं, जनावर उठून उभं राहिलं की औषध बंद. उरलेलं आढ्याला टांगून ठेवायचं, पुढच्या पडणाऱ्या जनावरासाठी. सासरे असल्यापासून ही रीत आहे, औषधाचा थेंबसुद्धा या घरात वाया गेलेला नाही.

त्या पहाटे थोरलीने बाटली उघडली. आदल्याच आठवड्यात मी आणि ती जाऊन भरून आणलेली बाटली. आत काही नव्हतं. तिने ती उलटी करून तळहातावर आपटली. मग तशीच मेंढ्यांच्या वाडग्याकडे गेली, आणि मी तिच्यामागून गेले.

दीर कोकरू मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला दगडावर पांढरी भुकटी आणि दुधाची वाटी.

‘‘माझ्या गोळ्या?’’ तिने विचारलं.

‘‘कोकरांना दिल्या,’’ ते म्हणाले. दावं इकडचं तिकडे बांधलं म्हणून सांगावं, तितक्या साध्या आवाजात. ‘‘गळ्याचंच औषध ना? तू तर आता उठलीस.’’

सासूबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, ‘‘जनावर उठलं की औषध बंद. आपल्याकडचं नेहमीचंच आहे. आता काय झालंय तिला? चांगली तीन माणसांचं काम करते.’’

माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती. मी तोंड उघडलं तर थोरलीने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता.

‘‘रोज सांगितलं तुम्हाला,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘हिने सांगितलं, मी सांगितलं. कायमची गोळी. बंद झाली की मी पुन्हा तशीच होणार. तुम्ही त्यातलं फक्त गळा एवढंच ऐकलंत.’’

‘‘अगं, एवढं काय त्यात? आणू परत. कोकरांचं आटोपलं की जाऊ.’’

‘‘कोकरांचं आटोपलं की.’’

‘‘मग काय आता टाकून जाऊ? दोन मेली आधीच.’’

‘‘गोळ्या दिल्यावर मेली?’’

दिरांनी भुकटीचा दगड पायाने बाजूला सरकवला.

‘‘म्हणजे माझ्याही गेल्या आणि कोकरंही गेली,’’ थोरली म्हणाली. ‘‘तुम्ही वाईट वाटून तरी दिल्या असत्यात. चोरून दिल्या असत्यात. मला न सांगता घेताना एकदा मागे वळून बघितलं असतंत तरी मला कळलं असतं की मी घरात आहे. तुम्हाला वाटलंसुद्धा नाही काही.’’

‘‘आवाज खाली कर. मळेवाल्याचे गडी खत न्यायला आलेत, ऐकतायत.’’

‘‘ऐकू दे. माझ्या पाठीवर पट्टा ओढलात तेव्हा शेजारी बघत होते, तेव्हा नाही लाज वाटली.’’

तिने कमरेला बांधलेलं कापड सोडलं आणि कुडावर टाकलं. घरात जाऊन अंगावर एक शाल घेतली, दुसरी हातात. सासूबाई मागे मागे. ‘‘कुठे निघालीस? आता या वेळेला? कोकरं पडतायत.’’

‘‘बाबांच्या घरी. तिथून दवाखान्यात.’’

‘‘परत कधी येणार?’’ हे दिरांनी विचारलं, दारात उभं राहून, हाताला दूध लागलेलं.

‘‘मला धाडायची घाई होती तुम्हाला,’’ ती म्हणाली. ‘‘परत यायचं की नाही ते आता मी ठरवीन. तोवर तुम्ही आहात, आई आहेत. जनावरांना तुम्ही चांगलं सांभाळता.’’

ती निघाली. मी पायात चपला घातल्या. आमचे हे म्हणाले, ‘‘तू कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही वाडग्यात जा. माझी वाट अडवलीत तर मीही तिच्याबरोबर राहीन.’’ ते बाजूला झाले.

तिचं माहेर फाट्यापासून अर्ध्या तासावर. वाटेत ती एवढ्या भराभर चालत होती की मला तिच्यामागे पळावं लागलं.  मी अखंड बोलत होते, सासूला, दिरांना, इंजेक्शनवाल्याला, सगळ्यांना. तिने मला थांबवलं नाही.

तिचे वडील ओट्यावर दोर वळत बसले होते. ‘‘एकाएकी कशी?’’ म्हणाले. ‘‘भांडून आलीस का?’’

‘‘धाकटी कुठे आहे?’’

‘‘असेल तिकडे भिंतीला टेकलेली. आणखी कुठे असणार?’’

धाकटी बहीण घरामागे उन्हात बसली होती. वयाने माझ्याहून लहान, पण बघून कुणी म्हटलं नसतं. अंगावर दोन शाली, डोक्यावर रुमाल, भांग रुंद झालेला. मांडीवर निवडायचं धान्य घेतलेलं सूप, हात सुपात आणि डोळे मिटलेले. गाल फुगलेले होते. 

थोरली तिच्यासमोर उकिडवी बसली. काही न बोलता तिच्या गळ्यावरून शाल बाजूला केली आणि बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला सांगायची गरज नव्हती.

वडील दोर हातात घेऊन मागून आले. ‘‘तिला कुठे नेऊ नकोस. चालवत नाही तिला. आईवर गेलीय, दुसरं काय?’’

‘‘ऊठ गं,’’ थोरली बहिणीला म्हणाली. ‘‘दवाखान्यात जायचंय.’’

धाकटीने डोळे उघडले. बहीण आलीये हे कळायला तिला वेळ लागला, आणि दवाखाना म्हणजे काय म्हणतेय ते कळायला त्याहून जास्त. मग घोगऱ्या, जाड आवाजात, बहिणीला उगाच त्रास नको म्हणून समजूत घालावी तशी ती म्हणाली, ‘‘मला काही झालं नाही गं ताई. मी आहेच आळशी.’’

थोरलीने तिच्या मांडीवरचं सूप उचललं, बापाच्या हातातला दोर काढून त्यांच्या हातात सूप दिलं, आणि बहिणीच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.